समोरची खुर्ची

स्क्रँटनच्या म्युझियममध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
माझा नवरा बसलाय.
पांढराफटक. कपाला हात लावून.
टेबल आमचंच. कडेला सुरीचा चरा आहे,
तो एमिलनंच पाडलाय, सलामी कापताना.

थिओडोरानं हॉस्पिटलातून पट्ट्या आणल्या होत्या,
मोडक्या हाडांना बांधतात त्या.
अंगभर व्हॅसलीन, भुवयांना दोनदा,
मग ओल्या पट्ट्या, थरावर थर.
"हलू नका," ती म्हणाली, "चाळीस मिनिटं."
एमिल कधी चाळीस मिनिटं गप्प बसल्याचं
मला आठवत नाही; झोपेतसुद्धा बटनांच्या कारखान्यातल्या
मुकादमाशी भांडायचा.
त्या दिवशी बसला.
चेहरा झाकायचा राहिला होता, तेव्हा नाकाला खाज सुटली,
मी पेन्सिलीनं खाजवून दिलं.

समोरची खुर्ची माझी होती.
मंगळवारी माझी पाळी.
पण बेकरीत ग्रेटलची मुलगी आजारी पडली,
तिची रात्रपाळी माझ्या गळ्यात आली.
पुढच्या मंगळवारी ओव्हन बिघडला.
शेवटी थिओडोराच म्हणाली, राहू दे,
रिकामीच बरी दिसते.

आता तिथे पाटी आहे.
पाटीवर 'एकाकीपणा', खाली आणखी दोन ओळी.
कॉलेजची पोरं वह्या घेऊन उभी राहतात,
मान तिरकी करून.
परवा एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.
सांगावंसं वाटलं, अगं बाई,
बायको कामावर गेलीय त्याची,
येईल पहाटे सहाला,
हाताला यीस्टचा वास, पिशवीत कालचे पाव.

नाही सांगितलं.

दुपारी गर्दी नसते.
पहारेकरी डेझमंड ओळखतो मला;
माझ्याकडे पाठ करून
पार्किंगमधल्या गाड्या मोजत राहतो.
मी दोरीपलीकडे जाते.
बसत मात्र नाही.

मनगटापाशी प्लास्टरला तडा गेलाय,
तिथे एक केस अडकलाय, तांबूस.
व्हॅसलीन कमी पडलं होतं.
पट्टी ओढली तेव्हा केवढ्यानं ओरडला होता,
खालच्या मजल्यावरची मिसेस यानोश
जिना चढून वर आली!
एमिलला जाऊन नऊ वर्षं झाली.
केस अजून तांबूसच आहे.

बाकी सगळं बरोबर आहे, थिओडोरा:
खांदे, पोट, डाव्या बुटाची सुटलेली नाडी.
फक्त कप रिकामा ठेवलास.
तेवढं खोटं.
एमिलनं कधी कॉफी संपवली नाही.
अर्धा कप तसाच ठेवायचा, गार,
मी येऊन बेसिनमध्ये ओतायला.