कालचं मरण

नियम एकच. बाकीची कलमं त्याच्या आजूबाजूला उभी:
लागलं, तर लागलं म्हणायचं. आपलं आपण.
झाडामागे पंच नसतो. रक्त येत नाही.
पांढरा प्लॅस्टिकचा छर्रा, फुगलेल्या साबुदाण्याएवढा,
जाकिटावर टिचकी मारतो आणि शेवाळात हरवतो.
मग हात वर, डोक्यावर लाल फडकं,
आणि मेल्यांनी बोलायचं नाही.

लाटवियाच्या पूर्वेला, पाइनच्या जंगलात
सोव्हिएत फौज सोडून गेली ती बराक.
भिंतीवर निळ्या रंगाचा बाण अजून आहे: भोजनगृह.
बाणाच्या पुढे फक्त एक बर्च.
शुक्रवारी रात्री आम्ही एकशे चाळीस जण आलो,
सुतार, दंतवैद्य, दोन सख्ख्या जावा,
बँकेतला एक कारकून, गुडघ्यांना कोरे करकरीत पॅड बांधून.
मी झेल्मा. एरवी शाळेची बस चालवते.
इथे मला बिज्जू म्हणतात,
कारण एकदा खड्ड्यात शिरले की निघत नाही.

शनिवार, दुपारचे तीन.
ओढ्यावरचा लाकडी पूल आमच्या ताब्यात.
चार तास ओल्या मातीवर पोट, गॉगलवर वाफ,
वायरलेसवर कुणीतरी विचारतंय, ओपनर कुणाकडे आहे.
तेवढ्यात डाव्या खांद्याच्या पात्यावर

टक्.

इतकंच. काटकी असेल. पाइनचं बोंड असेल.
मी वळले नाही.
समोर नेच्यांत काही हललं, मी घोडा दाबला,
बॅटरी गुरगुरली, तीन छर्रे,
आणि रायतिस उभा राहिला. तात्काळ, हात वर,
"लागलं!" इतक्या मोठ्यानं,
शाळेत हजेरी द्यावी तसं.

सहा वर्षं नेलंय त्याला बसमधून.
तिसरी रांग, खिडकीशी. वळणावर मळमळायचं त्याला,
मी हळू घ्यायचे.
जानेवारीत त्याला बोलावणं आहे. सैन्याचं. खऱ्या.
लाल फडकं टाकून तो माझ्या जवळून गेला,
बोलायचं नसतं म्हणून नुसता हसला,
आणि मी, त्याच्या आधी अकरा सेकंद मेलेली,
मॅगझिन बदलत होते.

पूल आम्ही राखला. टाळ्या झाल्या.

रात्री करड्या वाटाण्यांच्या रांगेत
गुंदार्स माझ्यामागे. निवृत्त वनरक्षक, शत्रुपक्षाचा नेमबाज,
दिवसाला एकच गोळी झाडतो
आणि ती कुठे पडली ते वहीत लिहून ठेवतो.
डबा पुढे करत म्हणाला,
"दुपारी मुंगी चावली का तुला, पुलाजवळ?"
मी म्हटलं, "जंगल आहे. चावणारच."
"हं," म्हणाला. "यंदा फार झाल्यात,"
आणि वाटाण्यांवर फुंकर घालत निघून गेला.
रडीचा डाव म्हणतात याला.
मी तर रडलेही नव्हते.

माझा पहारा दोन ते चार. तोंड पूर्वेकडे.
तिकडे साठ किलोमीटरवर सीमा.
तिच्यावर इथे कुणी विनोद करत नाही.
डास, कुणाचं तरी घोरणं,
आणि खांद्याच्या पात्यावर हात पोचत नाही अशी एक जागा.

रविवारी सकाळी, धुकं,
अजून एकही गोळी सुटलेली नाही,
मी खंदकातून उठले आणि हात वर केला.
"मेले!"
इल्ग्वार्स, म्हणजे दंतवैद्य, म्हणजे सार्जंट, ओरडला,
"कुठून? दिशा सांग, दिशा!"
"मागून," मी म्हटलं. "काल."

मेल्यांच्या तंबूत एक तास काढायचा असतो.
रायतिस तिथे आधीच, बूट काढून टाचेचा फोड बघत.
सरकून त्यानं फळीवर जागा केली.
भुवया उंचावून विचारलं, कुणी?
मी बोट स्वतःकडे केलं.
त्याला काही कळलं नाही.
खिशातून आंबवलेली काकडी काढून
त्यानं मोडली, मोठा तुकडा मला दिला
आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं:
अजून त्रेपन्न मिनिटं.