नामदार तडवी, फुलबॅक

तो गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही पाच जण उरलो होतो
भुसावळच्या रेल्वे मैदानाच्या भिंतीवर बसायला.
बऱ्हाटे म्हणाला, सहा फूट दोन इंच होता.
फिरके म्हणाला, छे, माझ्याएवढाच,
पण रुंदीला कोळशाच्या वाघिणीचं दार.

गवत नव्हतंच या मैदानावर.
काळी माती, वर शेडमधली राख अंथरलेली.
मे महिन्यात भेगेत पाय अडकायचा,
आणि पडलास की कातडीत शिरलेली राख
जन्मभर निळी राहायची.
एरिक डिक्रूझ अजून बाही सारून कोपर दाखवतो,
कुणी विचारलं नाही तरी.

त्याच्याविरुद्ध उतरणारी पोरं
आदल्या संध्याकाळी यावल रस्त्याच्या बागांतून
केळीचं वाळकं सोपट सोलून आणायची,
ओलं करून, दुमडून मोज्यात भरायची.
मनमाडचे तर गाडीतून उतरल्या उतरल्या
हमालाला विचारायचे, सोपट कुठे मिळेल?
चहा नंतर.

नव्या विंगरला तो एकच वाक्य बोलायचा,
पहिल्या पाच मिनिटांत, जवळ जाऊन,
लग्नाचं आमंत्रण द्यावं इतक्या हळू:
"चेंडू जाईन, नही त तू जाशीन.
जोडीनं नही."

बॉयलर फिटर. रात्रपाळी करून तसाच यायचा.
सामना संपला की समोरच्या संघाच्या पाठींवर
त्याची पाच बोटं छापलेली असायची, ग्रीसची.
अकोल्याच्या एकानं ती जर्सी म्हणे धुतलीच नाही.
धुळे पोलिसांच्या एका जवानाचं गळपट्टीचं हाड मोडलं,
तर यानंच त्याला सायकलच्या दांडीवर बसवून
रेल्वे दवाखान्यात पोचवलं,
आणि परत येऊन उरलेली दहा मिनिटं खेळला.
हे मी पाहिलेलं नाही.
पण सांगतो नेहमी मीच.

आता राहिली बाहत्तरची शील्ड.
तिच्याबद्दल विचाराल
तर भिंतीवर एकही साक्षीदार नाही.
बऱ्हाटे रावेरला, बहिणीच्या लग्नात.
फिरकेला कावीळ.
एरिकची ड्यूटी खंडव्याला लागलेली.
जगन सपकाळे नुसताच खाकरतो.
त्या दिवशी मैदानाभोवती चार पदरी माणसं होती,
लिंबावर पोरं, सायडिंगमधल्या डब्यांच्या टपावर पोरं,
आणि कुणीच नव्हतं.

मी होतो.
ऊन त्याच्या डोळ्यांत होतं, एवढं मी म्हणेन.
मनमाडचा क्रॉस, कमरेएवढा, काही विशेष नाही,
त्यानं पाय लांबवला, हजारदा लांबवला तसा.
आमचा गोली हात पसरून समोर बघत राहिला
आणि चेंडू त्याच्या मागे.
कुणी ओरडलं नाही. शिवीसुद्धा नाही.
यार्डात कुठला तरी डबा कुठल्या तरी डब्याला जोडला गेला,
तेवढा आवाज झाला.

गोलचं जाळं तापीकाठच्या भोयांकडून भाड्यानं आणलेलं,
बारीक विणीचं. चेंडू त्यात पार गुरफटला.
नामदार गुडघ्यावर बसला
आणि सोडवत राहिला, एकेक पदर,
ग्रीस लागू नये म्हणून
बोटं आधी चड्डीला पुसून.
एक दोरा तोडला नाही. जाळं परत द्यायचं होतं.
रेफ्री घड्याळ बघत उभा.
मग चेंडू काखेत मारून मध्यावर गेला,
ठेवला.
पुढे किती मिनिटं खेळ झाला, मला विचारू नका.

हे मी आज सांगणार होतो.
घसाही साफ केला.
एरिक म्हणाला, पण तू तर तेव्हा चोपड्याला होतास ना,
मामाकडे?
भिंत तापलेली होती. मी जरा सरकून बसलो.
म्हटलं, हो.
चोपड्याला.