अकरा ते एकोणीस

यादी मीच चिकटवली.
गव्हाच्या पिठाची खळ, पंचायतीचा फळा,
आटपाडीची पहिली एसटी अजून वळली नव्हती.
शेततळं, ठिबक, कांदाचाळ, पॉवर टिलर.
नाव, गट नंबर, मिळालेली रक्कम.
सत्तावीस जण.
एवढी माणसं आमच्याकडे
टँकर आला तरच एका जागी उभी राहतात.

दुपारी पाहिलं तर
अकरा ते एकोणीस गायब.
वर दहा, खाली आठ,
मध्ये फळ्याचं काळं लाकूड.

ग्रामसेवक म्हणाले, शेळीनं खाल्लं असेल,
खळ गोड लागते त्यांना.
सुबराव कोतवालानं मान हलवली.
त्याची मान मानधनावर आहे.

गावात मोकाट शेळ्या एकट्या द्रौपदा मेटकरीच्या.
ती आली, शेळीला कानाला धरून
फळ्यासमोर उभी केली.
म्हणाली, 'वाच.'
शेळी माझ्याकडं बघून ओरडली.
'हिला उजळणी येत न्हाई, सायेब.
अकराला सुरू आन् एकोणीसला बंद,
एवढा हिशोब जमला असता
तर सोसायटीला हिलाच उभी केली असती.'

हसले सगळे. मीही.
माझं हसणं जरा लवकर संपलं,
कारण चौदा नंबर मला पाठ होता.

गट दोनशे सहा. शेततळं, तीस बाय तीस,
प्लास्टिकच्या कागदासकट.
लाभार्थी आमचे मामंजी.
दोनशे सहामध्ये, मी लग्न होऊन आल्यापासून,
कुसळं आहेत, हेकळीची एक जाळी,
आणि भावकीतल्या पोरांचं क्रिकेटचं पीच.
तिथला म्हणून लावलेल्या फोटोत मात्र
पाणी आहे, निळंशार,
काठावर दोन बदकंसुद्धा.
तो फोटो मीच अपलोड केला होता.
बदकं कुणाची, विचारलं नव्हतं.

रात्री ताट वाढताना दिसलं,
मामंजींच्या करंगळीच्या नखात
काहीतरी पांढरं, वाळलेलं.
कण्या असतील, म्हटलं.
त्या दिवशी आम्ही कण्या केल्या नव्हत्या.

सकाळी लाईट आल्या आल्या
पुन्हा प्रिंट काढली, सत्तावीसच्या सत्तावीस.
शाई संपत आलेली,
चौदावी ओळ नेमकी फिकी आली.
थोडा वेळ तशीच धरून बसले कागद.
मग बॉलपेननं गिरवली.

खळ लावत होते तेव्हा द्रौपदा मागं येऊन थांबली,
शेळ्या पुढं गेल्या तरी.
'माझं हाय का गं कुठं?
गोठ्याचा फारम भरलावता, तीन वर्सं झाली.'
'नाही, मावशी.'
'मग मोठ्यांदा वाच की समदं.
नसल्यालं तरी नीट ऐकू दे.'

समोर चहाच्या टपरीवर
मामंजी बशी फुंकत होते.
आणखी चारसहा जण येऊन उभे राहिले.
मी वाचायला लागले.

बारापर्यंत आवाज बरा होता.