मुंगी

आधी मुंग्याच आल्या होत्या.
मोरीच्या कडेनं, भिंतीला धरून काळी रांग.
मी फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.
ईश्वरी तेव्हा साडेपाच वर्षांची,
रात्रीतून चार चारदा उठायची,
तांब्याला तोंड लावून पाणी प्यायची,
अन् मी म्हणायचे, मानवतचा उन्हाळा आहे बाई,
कुणाला तहान लागत नाही?
मुंग्यांना कळलं होतं.
मला परभणीत कळलं,
डॉक्टरनं कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला तेव्हा.

म्हणून आमच्यात सुईला मुंगी म्हणतात.
'आज मुंगी कुठं चावणार?'
'डाव्या मांडीला.'
'काल तिथंच चावली की.'
'मग पोटाला.'
'हळू चाव म्हणावं तिला.'

औषध माठात असतं.
मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत लहान मडकं,
मडक्यात डबी, डबीत दोन बाटल्या.
फ्रिज आहे, पण दुपारची लाईट नसते.
नळाला आठ दिवसांनी पाणी येतं,
पहिला तांब्या त्या वाळूला.
देवाला दुसरा. देव अजून काही बोलला नाही.

अर्धी भाकरी म्हणजे किती,
शाळेतल्या खिचडीचा एक डाव म्हणजे किती,
मूठभर हुरडा म्हणजे किती, आणि मूठ कुणाची –
गणितात दोनदा नापास झालेली मी
आता झोपेतही हिशोब करते.
फॉल-पिकोची एक साडी म्हणजे तीन पट्ट्या.
नणंद म्हणाली, कुणापाशी बोलू नका, पोरीची जात आहे.
शेजारच्या काकूंनी कारल्याचा रस आणला,
तो ह्यांनी पिला, उभ्या उभ्या,
आणि असं तोंड केलं
की दोन्ही लेकरं फरशीवर लोळली.

दोन्ही, म्हणजे राजवीरसुद्धा.
चार वर्षांचा, धडधाकट.
त्याला ताप आला की मला आधी हायसं वाटतं,
साधा ताप आहे.
तो मोडक्या पेननं ट्रॅक्टरला मुंगी चावतो,
'एकशे सात' म्हणतो, मगच त्यात माती भरतो.
एकदा विचारलं त्यानं, मला कधी होईल शुगर?
मी तोंडावर हात ठेवला त्याच्या.
जरा जोरातच ठेवला.

परवा रात्री दोनचा गजर झाला.
आम्ही गच्चीवर झोपलेलो, लाईट गेलेली,
मोबाईल दातात धरून मी
कडेच्या लेकराचं बोट घेतलं. कडेला तीच झोपते.
टोचलं. हूं नाही की चूं नाही.
थेंब. पट्टी. पाच, चार, तीन.
चौऱ्याण्णव.

दोन वर्षांत रात्री दोनला
चौऱ्याण्णव कधी बघितला नव्हता मी.
ह्यांना उठवायला हात लांब केला.
कारलं, नवस, नणंदेचा तो जालन्याकडचा वैद्य,
घटकाभर सगळ्यावर विश्वास बसला.

मग चादरीखालून दाबलेलं हसू.
'मपलं बोट होतं,' राजवीर म्हणला,
'ती लई दमली हाय. आज मला चावू दे.'

मी त्याला रागावले. खरं सांगते,
पट्टी वाया घालवलीस म्हणून रागावले.
तोवर हात पलीकडं गेला होता,
ईश्वरीच्या मानेवर. गार. घामानं चिंब.
अठ्ठावन्न.

साखरेचं पाणी चमच्या चमच्यानं,
ती डोळे न उघडता गिळत होती,
राजवीर वाटी धरून बसला, हात थरथरून
निम्मं सांडलं त्यानं.
पंधरा मिनिटं आम्ही तिघं काही बोललो नाही.
दूर स्टेशनाकडं मालगाडी बराच वेळ जात राहिली.
मग पुन्हा टोचलं. एकशे तीन.
तिसरी पट्टी. म्हणजे एक साडी.

सकाळी गच्चीवर झाडू घेऊन गेले
तर तो आधीच उकिडवा बसलेला,
सांडल्या जागी आलेल्या रांगेपुढं
आपलं टोचलेलं बोट धरून.
'मम्मी, ह्या आपल्या हायत का?'
आपल्याच आहेत, म्हणलं.
चप्पल घाल, फरशी तापायलीय.