व्हॉल्व्हमन

अठ्ठावीस वर्षं वडगावच्या गल्ल्यांना पाणी सोडतोय मी.
लोखंडी किल्ली, साडेतीन आटे.
उशीर झाला तरच लोकांना माझं नाव आठवतं.

डॉक्टर हुक्केरी रिपोर्ट बघत म्हणाले,
भरमाण्णा, स्वादुपिंडात दोघं आहेत तुझ्याच खात्यातले.
जेवलास की इन्सुलिन उठतो,
पेशींची दारं उघडून साखर आत घालतो,
उरलेली यकृताच्या टाकीत.
उपाशी राहिलास की ग्लुकागॉन
त्याच टाकीचा व्हॉल्व्ह सैल करतो.
तुझा पहिला थकलाय.
आणि दारंही गंजलीत.

म्हणजे मेन लाईन फुल्ल,
आणि घरात घागर कोरडी?
'हौदु,' म्हणाले. हसले नाहीत.

आज पहाटे चार.
राकसकोपचं पाणी पाइपात गुरगुरतंय.
शेवटच्या गल्लीत, गंगव्वाच्या दारासमोर,
किल्लीवरचा हात थरथरला. घाम.
गोळी रात्री घेतली होती, भाकरी राहिली.

खिशात कुणाच्यातरी बारशाचा कुंदा,
कागदाला चिकटलेला.
चाटत बसलो फुटपाथवर,
आतल्या त्या दुसऱ्याची वाट बघत.
त्यालाही कुणी कधी नावानं हाक मारली नसणार.

थोड्या वेळानं हात थांबला.
अर्धा आटा जास्त दिला.
गंगव्वाकडं कधीच पुरत नाही.