अर्धा फेरा

चाक आधी पुढं गेलं, मग आवाज आला.
हे सांगताना नर्मदा कोरवी हसत होती.
तिच्या गाडीत (गाडी कसली, पत्र्याचं घरच ते)
जत्रेच्या चक्रीचे नऊ लाकडी घोडे,
मान मोडलेला एक हंस,
गॅसची शेगडी, दोरीवर ओला परकर.
"शिरोळच्या अलीकडं बघा.
माझंच चाक मला ओलांडून गेलं
आणि उसात शिरलं, जावयासारखं, न विचारता."
तोडणीच्या टोळीनं शोधून दिलं.
त्यांच्या पोरांना घोड्यावर दोन-दोन फेऱ्या, फुकट,
तिथंच, रस्त्याकडंला, घोडे उतरवून.

उद्यमनगरात तेव्हा आम्ही दोघंच,
लतीफचाचा शिकलगार
आणि आयटीआय अर्ध्यात सोडलेला मी.
चाचा उकिडवे बसले. हबवर बोट फिरवलं,
अंधारात कुलपाचं भोक चाचपावं तसं.
दोन स्टड मुळातनं तुटलेले.
उरलेल्या तिघांचे आटे सपाट, म्हाताऱ्याच्या हिरड्या.
आणि चाकाची पाचही भोकं लांबट झालेली,
कवडीच्या तोंडासारखी.

"आवळलं कुणी?"
"माझ्या दिरानं. पान्यात पाइप घातला
आणि वर उभा राहून नाचला."
"म्हणून तर सुटलं," चाचा म्हणाले.
मला वाटलं, बोलण्यात काहीतरी उलटंपालटं झालं.

"वेल्डिंग मारून द्या की.
परवा मार्लेश्वरला जागा धरायचीय,
उशीर झाला तर पाळणेवाले कोपऱ्यात ढकलतात."
चाचांनी मान हलवली.
"वेल्डिंग मारलेला हब घाटात बोलत नाही, बाई.
एकदम ओरडतो."

मग शिरोलीच्या भंगारातनं एक हब,
शेजारच्या बंडू लोहाराच्या लेथवर रात्री दहापर्यंत,
पाच नवे स्टड, एक दुसरं चाक,
आणि माझ्या हातात तारेचा ब्रश.
हबचं तोंड घासायचं. गंज काढायचा, रंगही काढायचा.
"रंग दबतो. दबला की जागा होते. जागा झाली की चाक हलतं."
मी शहाणपणा करून आट्यांना ग्रीस फासलं.
टपली बसली. "पूस. कोरडं कोरड्याला धरतं."

नट आधी बोटांनी, जातील तिथवर.
मग समोरासमोर: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा.
शेजाऱ्यापाशी गेलास की चाक तिरकं बसतं.
जॅक उतरवला. आणि तेव्हा कुठं
कपाटातनं टॉर्क पाना निघाला,
जुन्या निळ्या लुंगीत गुंडाळलेला.
बाकी पाने भिंतीवर, खिळ्याला.
ह्याला हात लावायची मला दीड वर्षात परवानगी नव्हती.

कट्.
"बास. हात काढ.
दुसऱ्यांदा कट् केलंस तर ते तुझ्यासाठी,
चाकासाठी न्हवं."

नटापासून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली.
रेघ तुटली, की नट फिरला.
"पन्नास किलोमीटरवर थांबायचं. घाट चढायच्या आधी.
सगळे नट पुन्हा बघायचे."
"कशानं बघू?"
चाचा गप्प. बराच वेळ.
बाहेर कुणीतरी लोखंड कापत होतं.
मग त्यांनी ती लुंगी, पान्यासकट,
तिच्या हातात दिली.
मी तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन. मलकापूर.
मागं कोंबड्या, एसटीचा हॉर्न.
"चार जागच्या जागी.
पाचवा अर्धा फेरा फिरला. मग कट्."
"अर्धा?" चाचांनी विचारलं.
"अर्धाच."
फोन ठेवून त्यांनी चहा सांगितला, तीन.
आम्ही दोघंच होतो.

पाना परत आला होळीनंतर, कुठल्याशा टेम्पोवाल्याकडून.
लुंगी धुतलेली, इस्त्रीची घडी.
तो कपाटात ठेवला चाचांनी तसाच, घडीसकट.
पुढचे दोन दिवस गिऱ्हाइकांना
मी सांगत राहिलो,
पाना अजून यायचाय.