सुतळी

सौमित्र कोइमतूरला गेला नऊ महिन्यांच्या कामावर,
आणि काचेचा डबा माझ्या शिलाई मशीनशेजारी ठेवून गेला.
"मावशी, कॉर्न स्नेक आहे. विष नाही. कागदपत्रं माझ्या नावावर आहेत.
फक्त अजून पिल्लू आहे ना, म्हणून चावते."
फक्त.

काचेवरून टेप धरून पाहिली: सव्वा फूटही नाही.
जाडी पेन्सिलीची, रंग गाजराच्या हलव्याचा,
नाव सुतळी.
मला वाटलं, दोरीवरून ठेवलंय.
झाकण उघडलं तेव्हा कळलं, दिवाळीवरून.

मानेचा हुक झाला, शेपटी कागदावर तडतडली,
आणि माझ्या करंगळीवर
टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके, एका ओळीत, धावदोऱ्यासारखे.
सुईनं तीस वर्षांत याहून खोल टोचलंय मला.
पण सुई घाबरलेली नसते.

फोनवर सौमित्र म्हणाला, "हात झटकलास?"
झटकला.
"तेच नको करूस. हात मागे गेला की ती शिकते,
चावलं की हात जातो."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ पायडलवर नुसता पाय ठेवून बसले.
बावीस वर्षं एका माणसाचा आवाज चढला की
मी ताट उचलून आत जायचे.

पुढचे पंधरा दिवस तिला हात लावायचा नव्हता.
माझ्या जुन्या ब्लाउजची बाही कापून डब्यात टाकली,
वास ओळखीचा व्हावा म्हणून. ती बाहीत शिरून झोपली.
पाटणकरबाई फॉल-बिडिंगची साडी घेऊन आल्या,
"अगंबाई! दूध पाजता का हो याला?"
नाही हो, उंदीर खाते. फ्रीजमध्ये आहेत, मटारच्या मागे.
त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मग रोज पाच मिनिटं.
वरून हात नेला की तिला घार दिसते,
म्हणून बाजूनं, खालून,
जसं अंगावरच्या कापडाला टाचणी लावताना बाईला न दचकवता जावं लागतं.
खाल्ल्यावर दोन दिवस नाही. डोळे दुधाळ झाले की मुळीच नाही.
मापांच्या वहीत छाती, कंबर, मुंढा यांच्या समासात
मी लिहीत गेले: सुतळी, तीन. सुतळी, दोन.
सुतळी, चार (माझ्या हाताला मशीनच्या तेलाचा वास होता).

डिसेंबरात एका गुरुवारी वारज्यातली लाइट गेली ती गेलीच.
डब्याखालची गादी गार पडली. बाहेर नऊ अंश.
सुती पिशवीत घालून तिला मी स्वेटरच्या आत धरलं,
आणि मेणबत्तीत काजं करत बसले.
तासाभरानं पिशवीची गाठ सैल करून ती बाहेर आली,
गळ्यापर्यंत चढली, माझ्या टेपच्या शेजारी,
जीभ एकदा हनुवटीला लागली. चावली नाही.
माया वगैरे काही नाही हं. तिला ऊब हवी होती
आणि त्या खोलीत गरम असं मीच होते.
पण मी हलले नाही.
पाय बधिर झाला तरी.

मार्चमध्ये तिनं अख्खी कात टाकली,
उसवलेल्या अस्तरासारखी, आतली बाजू बाहेर.
टेप लावली: अडीच फूट.
कातीचं माप खरं नसतं, निघताना ताणली जाते ती.
तरी वहीत लिहून ठेवलं.

काल परत चावली. चूक माझी,
उंदराचं पाणी फेकून हात नीट धुतला नव्हता.
करंगळी धरून ठेवली तिनं, आणि मी हात ठेवला तिथंच,
डाव्या हातानं गॅसवरचं दूध उतरवलं, दार वाजलं तर
"थांबा जरा, अडकलेय" म्हणाले.
मग तिचं तिलाच कळलं की हे खायचं नाही.
एकेक दात सोडवून घेत ती मागे सरकली.

मी नाही.